मागून येणारी गोडी

आमच्या सरांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर असे आणि त्या घरात चमचा. चष्मा ते लावतच नसत. चमचा स्टीलचा, लहानसा, बाळाला मऊ भात भरवायला घेतात तसला. लग्न असो, बारसं असो, कर्जत स्टेशनबाहेरची वड्याची गाडी असो, समोर खाण्याचं आलं की घर उघडायचं, चमचा रुमालाने पुसायचा, टोकावर राहील एवढाच घास उचलून जिभेवर ठेवायचा आणि डाव्या हाताचं बोट वर करायचं. बोट वर असेपर्यंत आजूबाजूच्यांनी गप्प राहायचं. चव तोंडातून पूर्ण निघून गेली की बोट खाली. मध्ये कोणी बोललंच तर म्हणायचे, "थांबा. अजून येतंय."

एकदा कारखान्याच्या मालकांशी फोनवर बोलताना त्यांनी बोट वर केलं. मालक मुंबईत, त्यांना बोट कसं दिसणार? ते पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि सर इकडे सरबताची चव जायची वाट बघत उभे. शेवटी मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि सांगितलं, "सर चव बघताहेत." मालक म्हणाले, "मग ठेवतो." तेही त्यांना ओळखून होते.

साजगावच्या बाजूला आमचा छोटा कारखाना होता आणि सर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली. मी खोपोलीची, नवऱ्याची नोकरी तिथलीच, त्यामुळे जाण्यायेण्याचा त्रास नव्हता. बी.एस्सी. होऊन बरीच वर्षं घरी बसले होते, म्हणून मिळाली ती नोकरी घेतली. चवीचं मला काही वेड नाही. पोटाला लागेल ते आणि वेळेवर, एवढंच माझं खाण्याचं तत्त्व. सरांना बहुधा त्यामुळेच मी चालले.

आम्ही कडूपासून गोड करायचो. पपनस, कडू संत्रं असल्या फळांच्या सालीत जो कडूपणा असतो तो काढून त्यावर प्रक्रिया केली की एक पांढरी भुकटी तयार होते. साखरेच्या हजारपटीहून जास्त गोड. शास्त्रीय नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून आम्ही सगळे तिला नुसता 'माल' म्हणायचो. लागते इतकी थोडी, की अंगाला तिच्यातून काही चिकटत नाही. बिनसाखरेचा जॅम, फळांचं दही, च्युइंगगम, पाचक गोळ्या, लहान मुलांची कडू औषधं, जनावरांचं खाद्य, कशाकशात ती घालून बघण्याचं काम आमच्याकडे असे. मी वजन करायची, पाण्यात विरघळवायची. सर चाखायचे आणि बोट वर करायचे.

या मालाचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साखर जिभेवर पडल्या पडल्या गोड लागते आणि घास गिळला की संपते. माल तसा नाही. आधी तो काहीच बोलत नाही. माणसाला वाटतं, घातलाच नाही वाटतं. मग तो मागून येतो, आणि एकदा आला की पाहुणा बसावा तसा बसून राहतो. प्रमाण जरा चुकलं की तोंड ज्येष्ठमध चघळल्यासारखं गोडमिट्ट होतं आणि वरून काहीही खाल्लं तरी तेही गोड. सुरुवातीला माझ्या हाताला लागलेली भुकटी नीट धुतली जात नसे. घरी जाऊन पीठ मळलं की नवरा विचारायचा, "आज पुरणपोळी आहे का?" समोर चपाती आणि मेथीची भाजी.

सर माणसांची प्रतवारीही यावरच करायचे. दारातच गळ्यात पडणारा आणि पाठ फिरवली की विसरणारा माणूस म्हणजे 'साखर'. पहिल्या भेटीत तोंड न उघडणारा आणि पुढे जन्मभर न सोडणारा म्हणजे 'आपला माल'. मला ते एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही मीठ आहात."

मी विचारलं, "हे चांगलं की वाईट?"

"प्रमाणावर आहे," म्हणाले आणि पुन्हा दह्याकडे वळले.

सर कडावचे. भाताची शेती, दोन म्हशी, थोरले भाऊ म्हणजे दादा, वहिनी आणि पुतण्याची बायको असं एकत्र घर. पुतण्या पुण्याला कामाला. सरांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि ते का झालं नाही हे मला त्यांच्या वहिनींनी सांगितलं. भिवपुरीकडची मुलगी बघायला गेले होते. मुलगी चांगली, माणसं चांगली, सगळं जमत आलेलं. पोहे आले. यांनी चमचा काढला, तोंडात घातला आणि बोट वर केलं. मुलीचे वडील, मामा, मध्यस्थ, सगळे त्या बोटाकडे बघत बसले. बरंच थांबून यांनी बोट खाली घेतलं आणि म्हणाले, "मागून जरा खवट येतंय. शेंगदाणा जुना आहे."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! पोरगी आतनं म्हनली, मंग नवीन शेंगदान्याशी लगीन करा म्हनावं." वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मला आवडली होती ती पोरगी. घरात कुनीतरी बोलनारं पायजे होतं."

खोटं बोलणं सरांना जमत नसे, हा त्यांचा मोठाच दोष. वाईट हेतू कधीच नसायचा. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला बोलावून सांगायचे, "जिलबी छान आहे, पण तेल तिसऱ्यांदा तापवलंय." आचारी खरं असेल तेवढा जास्त चिडायचा.

म्हशीची गोष्ट याच काळातली. दादांची एक म्हैस जंताचं औषध घेईना. नळीने पाजायला गेलं की मान झटकायची, सगळं औषध दादांच्या अंगावर. सरांनी प्रयोगशाळेतून मालाचं पातळ पाणी नेलं, औषधात मिसळलं आणि पेंडीत कालवलं. म्हशीने घमेलं चाटून पुसून साफ केलं. सर दुसऱ्या दिवशी कामावर आले ते मोठी पदवी मिळाल्यासारखे. "बाई, बिलकुल मागे ठेवलं नाही तिने." पण आठवडाभरात उलटंच झालं. म्हशीला ती चटक लागली. साधी पेंड पुढे ठेवली की हुंगायची आणि तोंड फिरवून सरांच्या खोलीच्या दिशेने हंबरायची. दादा ओट्यावरून ओरडायचे, "जा रं, तुजी गिऱ्हाईक बोलावतीया!"

गावात हसं झालं ते झालं, पण खरं नुकसान पुढेच होतं. कारण सरांना तो माल द्यायचा होता दादांना.

दादांना साखरेचा आजार जुना. पथ्य म्हणून नाही. त्यांच्या चहात साखर इतकी, की तळाशी चाटून खाण्याएवढी उरायची, आणि तो चहा दिवसातून किती वेळा हे वहिनीही मोजत नसत. उजव्या पायाचा अंगठा आधीच काढावा लागला होता. कर्जतच्या डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर पुढच्या वेळी पाऊल जाईल. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा हातातला चमचा खिशात ठेवायचं विसरले होते. म्हणाले, "बाई, सगळ्या जगाच्या दह्यात मी साखर कमी करतोय, आणि माझ्या घरात..."

घरी त्यांनी बाटली नेली. दादांनी बाटलीकडे बघितलं आणि विचारलं, "ह्ये म्हशीला घालतोस त्येच नव्हं?"

सर खोटं बोलू शकत नव्हते. "तेच."

"म्हंजे मी आनि म्हैस एकाच दावनीला व्हय रं?"

झालं. पुढे बरेच महिने बाटलीचं नाव काढलं की दादा हंबरून दाखवायचे.

शेवटी वहिनींनी हट्ट धरला. त्यांच्याकडे माघी गणपती बसतो. बाकीचे लोक माघीला तिळाचे मोदक करतात, दादांना मात्र उकडीचेच लागत आणि ते दोनावर कधी थांबलेले नव्हते. वहिनी म्हणाल्या, "औंदा मोदक भावजींच्या पान्याचे. न्हायतर मी मोदकच करनार नाय. पाऊल गेलं तर आरतीला हुभं कसं ऱ्हानार, त्ये तुमीच देवाला सांगा."

दोन दिवसांनी दादा सरांना म्हणाले, "एकदाच. ग्वाड लागलं तर चहाचं बी बघू. नाय लागलं तर पुन्ना ती बाटली गोठ्याच्या अलीकडं आनायची नाय आनि माज्या चहाकडं बघायचं नाय. कबूल?"

"कबूल," सर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेला खोबऱ्याचा वास यायला लागला.

आता यातली खरी अडचण लोकांना वाटते ती नाही. गोडी आणणं सोपं. पण गूळ नुसता गोड नसतो. तो सारणाला ओल देतो, चिकटपणा देतो, रंग देतो, आकार देतो. तो काढून घेतला की उरतो खोबऱ्याचा भुसा, आणि भुशाचा मोदक तोंड उघडतो. सरांनी तीन वेळा करून बघितला, तिन्ही वेळा उकडताना फुटला. मी म्हटलं, "सर, गुळाची गोडी तुमच्याकडे आहे, पण गुळाचं वजन कोण भरणार? लाल भोपळा किसून कोरडा परतून घाला. रंगही येईल." त्यांनी घातला. बोट वर केलं. बराच वेळ खाली घेतलं नाही. मग म्हणाले, "बाई, जमलं."

मी त्यांना तेव्हाच बजावलं होतं, आणि इथेही सांगते, की हे काही औषध नव्हे. उकड तांदळाचीच राहते आणि खोबरं खोबरंच राहतं. दोन मोदक म्हणजे दोनच.

माझ्या घरी भाद्रपदातला गणपती असतो, माघीला मी मोकळी. कळ्या पाडायला हात कमी पडतील म्हणून सरांनी मला बोलावलं. मी पोचले तेव्हा मोदक उकडायला लावलेले होते, वालाचं बिरडं चुलीवर रटरटत होतं आणि सर बाहेर आरास करत होते. सकाळी त्यांनी स्वतः मोजून एक चमचा मालाचं पाणी सारणात घातलं होतं आणि बाटली कोनाड्यात ठेवली होती. मी बघितली तेव्हा ती मोरीपाशी पालथी होती. रिकामी.

"वहिनी, बाटलीतलं पाणी कुठे गेलं?"

"सारनात. आनि कुटं जानार?"

"सगळं?"

"एवड्या मोट्या परातीला एक चमचा पानी! मुंगी तरी वळून बगंल का त्याच्याकडं? नैवेद्याचं चाखता येत नाय. देवापुढं अळनी ठिऊ काय? मी दोन चमचं घातलं."

सुनेने मान वर केली. "आई, मी पन घातलं की. मला वाटलं तुमी इसरला."

"मग तळातलं?"

"ते मी बाटली धुताना ओतलं," वहिनी म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचं गं बाई?"

मी बाहेर जाऊन सरांना सांगितलं. त्यांच्या हातातली झेंडूची माळ तशीच राहिली. ते आत आले, चष्म्याचं घर उघडलं, चमचा काढला.

"वहिनी, टोकावर घेतो. एवढंसं."

"देवाच्या आदी?"

"अहो, देवासाठीच."

"भावजी, चमचा ठिवा. न्हायतर चुलीत घालीन."

मी त्यांना चाळीस प्रकारचं दही एका बैठकीत चाखताना बघितलेलं आहे. औषधाच्या कडू काढ्यापुढेही तो माणूस डगमगत नसे. आणि आता स्वतःच्या घरात, स्वतः केलेल्या सारणापुढे, चमचा हातात धरून उभा होता आणि चाखता येत नव्हतं. नवीन करायला ना नारळ शिल्लक होता, ना वेळ. बाहेर घंटा वाजली. दादांनी आरती सुरू केली होती.

जेवायला घरच्यांखेरीज शेजारचे तात्या होते. तात्या म्हणजे दादांचे लहानपणापासूनचे मित्र आणि तेवढेच जुने प्रतिस्पर्धी. वाढायला मी आणि सून. दादांनी मोदक फोडला, तूप घातलं, घास घेतला. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती.

"अळनी हाय," दादा म्हणाले.

सरांनी बोट वर केलं.

"बोट काय दावतोस? अळनी हाय म्हनतोय. तात्या, तू सांग."

तात्यांनी अर्धा मोदक एकदम तोंडात टाकला. "पुठ्ठा हाय रं ह्यो."

"बग! आनि म्हनं सायन्स." दादांनी चिडून उरलेला मोदक संपवला आणि तो किती बेचव आहे हे पक्कं करायला दुसराही उचलला. सरांचं बोट वरच होतं. वहिनींनी ताटाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

मग तात्या बिरडं भात कालवता कालवता थांबले. "वैनी, बिरड्यात गूळ किती घातला?"

"नेमीयेवढाच."

"नाय. बासुंदी झालीया." त्यांनी लोणच्याची फोड चाटली आणि डोळे मोठे केले. "लोनचं बी ग्वाड!" तांब्या उचलून पाणी प्यायले. "पानी बी! दादा, माज्या तोंडात काय तरी शिरलंया!"

दादा सावकाश चावत होते, आणि चावायला तोंडात काहीच नव्हतं.

जेवणं आटोपली तरी गोडी कोणाच्या तोंडातून हलेना. तात्यांनी तंबाखू मळली आणि थुंकून टाकली, म्हणाले बडीशेपेचा मुरंबा लागतोय. दादांना हरलो म्हणायचं नव्हतं आणि जिंकलो म्हणता येत नव्हतं. तेवढ्यात सुनेने सगळ्यांना चहा दिला. दादांनी बशीत ओतून भुरका मारला. दुसरा मारला. "चहा झ्याक झालाय," म्हणाले. तेवढंच पहिलं चांगलं वाक्य.

मी वाढण्यात होते, अजून जेवले नव्हते. मोदकही खाल्ला नव्हता. मी एक घोट घेतला आणि सरळ विचारलं, "यात साखर घालायची राहिली का?"

सुनेने जीभ चावली. "आगं बाई!"

तात्यांनी आपल्या कपात बघितलं, मग दादांच्या बशीत बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. त्या हसण्यात काय काय भरलेलं होतं हे दादांना माझ्यापेक्षा जास्त कळलं असणार. सर म्हणायला लागले, "दादा, म्हणजे त्याचं असं आहे की..."

"तू गप ऱ्हा रं." दादांनी बशी खाली ठेवली. "साखर नाय त्ये मला ठावं हाय. मीच सुनबाईला सांगितलं, घालू नको म्हनून."

सुनेने तोंड उघडलं. वहिनींनी तिच्या पायावर पाय ठेवला.

"तू?" तात्या म्हणाले. "तुज्या कपातली साखर आमच्या आख्या घराला पुरंल!"

"तवाचं तवा. चहा चहासारका लागला पायजे. साखर पोरासोरांना." आणि आत बघून ओरडले, "आन गं आनखी अर्धा कप! असाच!"

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. ती मला सरांनी सांगितली. गोडी तोवर ओसरली होती. तात्या कधी नव्हे ते दिवस उगवायलाच दादांच्या ओट्यावर हजर, चहाची वाट बघत. बिनसाखरेचा चहा आला. दादांनी तात्यांच्या डोळ्यात बघत तो सगळा प्यायला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. तात्या तिसऱ्या दिवशी आले, चौथ्या दिवशी आले. म्हातारे लोक रिकामे असतात आणि त्यांची चिकाटी जबरदस्त असते. महिनाभराने तात्या कंटाळले, पण तोवर दादांच्या जिभेला तसाच चहा बसला होता.

सरांना आनंद झाला, पण पुरता नाही. कित्येक दिवस ते प्रयोगशाळेत मधूनच म्हणायचे, "बाई, यात आपल्या मालाचं काम फक्त एका दुपारचं. बाकी सगळं तात्यांचं." मी म्हटलं, "मग तात्यांची भुकटी करून विका." त्यांनी यावर खरोखर थोडा विचार केला असावा, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं.

पुढे कारखाना दुसरीकडे गेला. मी आता खोपोलीतच एका मसाल्याच्या कंपनीत आहे. सर निवृत्त होऊन कडावला घरीच असतात. मागच्या महिन्यात कामानिमित्त कर्जतला गेले होते, म्हणून वाकडी वाट करून त्यांच्याकडे डोकावले. दादा शेताच्या बांधावरून चालत आले, दोन्ही पावलांवर, अंगठ्याच्या जागी चपलेत कापडाचा बोळा. डॉक्टरांचं काय म्हणणं आहे विचारलं तर म्हणाले, "त्यो म्हनतो, आता माजं काय काम ऱ्हायलं नाय."

वहिनींनी चहा आणला. मला साखरेचा, दादांना बिनसाखरेचा. सरांच्याही कपात साखर नव्हती. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "दादा, डबा जरा इकडे..."

साखरेचा डबा दादांच्या उजव्या बाजूला, भिंतीशी होता. तो आता त्यांच्याच ताब्यात असतो.

"सकाळी घेतली होतीस ना रं?"

"अर्धाच चमचा."

"दोन. मी बगत होतो."

"अहो, मला कुठे काही झालंय? मी आयुष्यभर तो माल चाखला. आता जरा साधी साखर खाऊ द्या की."

दादांनी डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं आणि डबा होता तिथेच ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, यवडा शिकल्याला मानूस, पन जिभेवर ताबा म्हनून नाय."